काळ्या ट्रंकेतली बिस्किटं

घरमालकांच्या अटी मी बऱ्याच ऐकल्या आहेत. मटण शिजवायचं नाही, मैत्रिणी मुक्कामाला आणायच्या नाहीत, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. पण कुंडलला शिक्षिका म्हणून नेमणूक झाली आणि वाईहून सामान घेऊन मी तिथं खोली शोधत हिंडले, तेव्हा घरमालक सुभेदारांनी जी अट घातली ती मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही कुठं ऐकली नाही. भाडं ठरलं, नळाची वेळ सांगून झाली, त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहा आणून ठेवला. मग सुभेदार खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मॅडम, हितं ऱ्हायचं तर बिस्कुट खावं लागंल. आन् खाल्ल्यावर खरं सांगावं लागंल. उगं छान हाय, मस्त हाय, असलं गुळमुळीत आपल्याकडं चालत न्हाई."

मी काकूंकडं पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला. फुकटचं बिस्कीट मिळतंय तर नाही कशाला म्हणा, असा विचार करून मी सामान आत टाकलं.

पहिलं बिस्कीट त्याच संध्याकाळी आलं. स्टीलच्या ताटलीत मधोमध एकच. बोटभर जाड, आणि वर पांढऱ्या साखरेचा जवळजवळ तेवढाच जाड थर. मी सवयीने ते उचलून चहात बुडवायला गेले, तर सुभेदारांनी माझ्यासमोरचा कप उचलून लांब ठेवला. ही खारी नव्हे, असं त्यांनी मला समजावलं. मग मी ते कोरडंच खाल्लं आणि चारचौघांसारखं 'छान आहे' म्हणाले. सुभेदारांनी ताटली उचलली आणि ते निघून गेले. पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या खेपेला मी घाबरत घाबरत सांगितलं की मैद्याचा कच्चा वास येतोय आणि वरची साखर दाताखाली करकरते. त्यांचा चेहरा एकदम फुलला. आता तुमी घरच्या झाला, म्हणाले, आणि काकूंना ओरडून माझ्यासाठी ताक मागवलं.

आमच्या भागात फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांची काही कमी नाही. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कुणी ग्रामपंचायतीला उभा राहतो, उरलेले उसात उभे राहतात. सुभेदारांचाही ऊस होता, पण तो भावाच्या हवाली करून ते फक्त सकाळी एक फेरी मारून यायचे. त्यांचं खरं काम घराच्या मागं, म्हशीच्या गोठ्याला लागून चालायचं. तिथं तीन दगडांवर त्यांची काळी लोखंडी ट्रंक मांडलेली होती. फौजेत भरती झाल्यावर मिळते ती. काश्मीरपासून आसामपर्यंत ती त्यांच्याबरोबर फिरली होती. बाकीचे फौजी निवृत्त झाल्यावर असल्या ट्रंकेत गोधड्या आणि डांबरगोळ्या ठेवतात. सुभेदारांनी तिचा रंग जाळून काढला, आत वाळू पसरली, वाळूवर लोखंडी जाळी बसवली, खाली निखारे, झाकणावर निखारे, आणि भट्टी तयार. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं त्यांचं नाव जळून गेलं होतं, पण उन्हात तिरकं बघितलं की अक्षरं दिसायची.

ही भट्टी आधी स्वयंपाकघरात होती. पण काकू माळकरी. पिठात अंडं पडतं हे कळल्यावर त्यांनी नवऱ्याला, ट्रंकेला आणि पिठाच्या डब्याला एकाच दिवशी मागच्या दारातून बाहेर काढलं. सुभेदारांनी आज्ञा पाळली. त्यांच्यावर हुकूम चालवणारं गावात तेवढं एकच माणूस होतं.

हे सगळं कशासाठी, ते मला हळूहळू कळलं. सुभेदार तरुण असताना शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते. त्यांच्याबरोबर याच गावचे, मुलाणी गल्लीतले हवालदार होते. दोघं एकाच एसटीने भरतीला गेलेले, एकाच तुकडीत राहिलेले. नाताळच्या दिवशी पाण्याच्या टँकरबरोबर जाताना त्यांच्यावर गोळीबार झाला आणि दोघं दिवसभर एका चरात पालथे पडून राहिले. संध्याकाळी कसेबसे छावणीत परतले तर तिथली एक परदेशी डॉक्टरीण सगळ्यांना बिस्किटं वाटत होती. डब्यात शेवटचं एक उरलं होतं. ते तिने सुभेदारांच्या हातावर ठेवलं आणि सुभेदारांनी मोडून अर्धं हवालदारांना दिलं.

"चरात पडल्यावर वाटलं हुतं, संपलं," सुभेदार मला म्हणाले होते. "मग ते तोंडात गेलं. आधी दात थांबला, मग दात बुडला. तवा कळलं, आपुन जित्तं हाय."

ते बिस्कीट पुन्हा करायचं, तसंच्या तसं, हा त्यांचा ध्यास. आणि ते तसं झालं की नाही हे सांगणारा जगात एकच माणूस, हवालदार. सुभेदारांना स्वतःच्या जिभेवर विश्वास नव्हता. करणाऱ्याला आपलं सगळंच गोड लागतं, असं ते म्हणायचे. त्यामुळे हवालदार जोवर 'व्हय, ह्येच' म्हणत नाहीत, तोवर काम पुरं झालं असं धरायचं नव्हतं.

आता गंमत अशी की या दोन माणसांचं त्या बिस्किटाबद्दल एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. सुभेदार म्हणायचे वरचा थर पांढरा होता, हवालदार म्हणायचे गुलाबी. सुभेदार म्हणायचे डॉक्टरीण उंच होती, हवालदार म्हणायचे बुटकी. मोडताना मोठा तुकडा कुणाकडे गेला यावर तर ते चावडीवर इतके भांडले होते म्हणे, की लोकांना वाटलं बांधाची भानगड आहे. तसे ते सगळ्यावरच भांडायचे. सुभेदारांनी आभाळाकडं बघून ऊन पडेल म्हटलं, की हवालदार घरी जाऊन छत्री घेऊन यायचे. सुभेदारांच्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी उभ्या जन्मात बरं म्हटलेलं नव्हतं, आणि तरी एक दिवस भेट झाली नाही तर दोघांनाही चैन पडत नसे.

बाजाराच्या दिवशी हवालदार यायचे. गालात तंबाखू असायची. ती थुंकून, नळावर खळखळून चुळा भरून, ते ट्रंकेजवळच्या स्टुलावर बसायचे. सुभेदार ताटली पुढं करायचे. हवालदार एक घास घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि आम्ही सगळे, काकूसुद्धा दाराच्या आडून, त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. मग ते डोळे उघडून म्हणायचे, "न्हाई." काय कमी आहे, काय जास्त आहे, काही नाही. नुसतं न्हाई. पुन्हा तंबाखू मळून गालात धरायचे आणि चालू लागायचे.

माझ्यासारखीला असल्या माणसाचा राग आला असता. सुभेदार मात्र मान हलवून ताटली धुवायला घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने पीठ मळायला बसायचे. मी मुलांना तेच तेच गणित पुन्हा समजावताना चिडते, आवाज चढवते. हा माणूस वर्षानुवर्षं दर आठवड्याला नापास होत होता आणि दर आठवड्याला ताज्या दाढीने परीक्षेला बसत होता. मला त्यांच्याबद्दल जे वाटायचं त्याला आदर म्हणणं कमी पडेल. मी थक्क व्हायचे.

दाढीचं खरंच सांगते. दाढी केल्याशिवाय ते भट्टीसमोर जात नसत. इस्त्रीचा शर्ट, कंबरपट्टा, पायात चकाकणारे बूट, आणि अशा थाटात म्हशीच्या शेजारी बसून लोणी फेटायचे. लोणी घरच्या म्हशीचं. त्यात साखर, मग अंडं, मग मैदा. पीठ लाटून झालं की शेजारी काड्यापेटी आडवी ठेवून जाडी बघायची, काड्यापेटीपेक्षा तसूभर कमी भरली तर गोळा करून पुन्हा लाटायचं. वाटी उपडी करून गोल पाडायचे. वरच्या साखरेच्या थराला ते गिलावा म्हणत. पिठीसाखर, लोणी आणि चमचाभर दूध एकत्र घोटून तो गिलावा तयार व्हायचा, आणि तो लावायला त्यांनी पलूसच्या दुकानातून गवंड्याची लहान थापी आणली होती. नवी कोरी, फक्त याच कामाला. एका बाजूने थापी टेकवायची आणि मनगट न हलवता खांद्यातून हात फिरवायचा. वर एकही रेघ उठत नसे. ते चालू असताना बोललेलं त्यांना खपायचं नाही. म्हैस रेकली तरी तिच्याकडं रागाने बघायचे.

मी एकदा त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठली तरी गोरी बाई ओट्याजवळ उभी राहून अशीच जाड बिस्किटं करत होती. सुभेदारांनी तो हात मागं बांधून, उभं राहून, शेवटपर्यंत पाहिला. बाई हुशार आहे, असं त्यांनी कबूल केलं. मग म्हणाले, "पर तिनं त्या दिवशीचं खाल्लेलं न्हाई." विषय संपला. वाईच्या माणसाला पेढ्यापलीकडं काही कळत नाही, हे मात्र त्यांनी मला त्यानंतर बरेचदा ऐकवलं.

गिलाव्याने त्यांचा बराच छळ केला. सुरुवातीला ते चक्का वापरायचे, तो आंबट व्हायचा. मग साय वापरून पाहिली, ती भट्टीच्या उबेला वितळून म्हशीच्या गव्हाणीपर्यंत गेली. पिठीसाखरेचा प्रकार तर गावाच्या कायमचा लक्षात राहिला आहे. कारखान्याकडून सभासदांना मिळते ती जाड दाण्याची साखर. मिक्सरमध्ये ती सुभेदारांच्या मनासारखी बारीक होईना. मग एक दिवस ते साखरेचा डबा घेऊन थेट पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाला नको म्हणत होता, दगडाला चिकटेल म्हणत होता. पण सुभेदारांनी एकदा हुकमी आवाज लावला की समोरच्याचं काही चालत नाही. साखर दळली गेली. थोडी पीठ होऊन खाली आली, बरीचशी तापून जात्याच्या दगडावर बसली.

दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. घरोघर पाहुणे, चुलीवर मटण, आणि झाडून सगळ्यांचं जोंधळ्याचं दळण त्या गिरणीतलं. दुपारी पंगती बसल्या आणि सगळ्या गावाच्या एकदम लक्षात आलं की भाकरी गोड लागतेय. तांबड्या रश्श्याबरोबर गोड भाकरी काय लागते हे ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाहुण्यांचे चेहरे बघवत नव्हते. कुणी सुनेला बोललं, कुणी देवाचा कोप म्हणालं. सुभेदार पहिला घास खाल्ल्याबरोबर जेवणावरून उठले, बूट चढवले, देवळात गेले आणि भोंग्यावरून सगळ्या गावाला कळवलं की आजच्या भाकरीला मी एकटा जबाबदार आहे, गिरणीवाल्याचा काही दोष नाही. मग तिथून गिरणीत जाऊन जात्याचा दगड उतरवला आणि छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः त्याला टाकी लावत बसले. जत्रेचा उरलेला दिवस तिकडं कुस्त्यांचा ढोल वाजत होता आणि इकडं ते टकटक करत होते. हवालदार संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहिले. भाकरीत साखर जरा कमीच पडली, एवढंच बोलून निघून आले.

माझं कुंडलमधलं तिसरं वर्ष असावं. ऊसतोड सुरू झाली होती, रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असायची. बाजाराच्या दिवशी हवालदार नेहमीसारखे आले, चूळ भरली, स्टुलावर बसले. सुभेदारांनी ताटली पुढं केली. हवालदारांनी बिस्कीट उचललं आणि तोंडाशी नेलं, पण ते आत जाईना. त्यांनी ते आडवं धरलं, तिरकं धरलं. तोंडच उघडत नव्हतं. शेवटी कडेचा एक कपचा दातांनी खरवडून त्यांनी कसाबसा चघळला आणि 'न्हाई' म्हणाले. आम्ही हसलो नाही. सुभेदारांनी त्यांच्या जबड्याकडं पाहिलं आणि ताटली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते त्यांना घेऊन मिरजेला गेले. तपासण्या झाल्या. गालात गाठ होती, जिभेपर्यंत आलेली. तंबाखूने आपलं काम केलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू. जबड्याचा काही भाग आणि जिभेचा बराच भाग जाईल. माणूस वाचेल अशी आशा आहे, पण नंतर किती बोलता येईल, चव किती कळेल, हे आज कुणी सांगू शकणार नाही.

सुभेदार मिरजेहून परत आले ते थेट मागच्या अंगणात गेले आणि थंड ट्रंकेसमोर बसले. काकूंनी हाक मारली तरी उठले नाहीत. बऱ्याच वेळाने आम्हा दोघींना बोलावून त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या मोहिमेची माहिती द्यावी तसं, ताठ बसून. शेवटी म्हणाले, "त्येची जीभ हाय तवर ते बिस्कुट एकदा तिच्यावर ठिवायचं. त्येनं व्हय म्हणलं पायजे. मग काय व्हायचं ते हू दे."

पुढचे दिवस सगळं घर भट्टीला जुंपलेलं होतं. पहाटेपासून ट्रंक तापलेली असायची. शाळेत जाण्याआधी मी चव घ्यायची, आल्यावर पुन्हा घ्यायची. दात थांबला का, कुठं बुडला, साखर आधी लागली की लोणी, असे प्रश्न ते विचारत. मी जीव लावून खरं सांगायचे. काकूंनी माळ डोक्यावरून काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि भट्टीसमोर येऊन अंडी फेटायला घेतली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही आणि सुभेदारांनीही त्यावर शब्द काढला नाही. फक्त त्यांना बसायला स्टूल पुढं सरकवलं.

हवालदार तोवर मिरजेला दवाखान्यात भरती झाले होते. बिस्किटं घेऊन तिकडं जायच्या आदल्या सकाळी मी मागं गेले तर सुभेदार बीट किसत होते. मला वाटलं कोशिंबिरीला असेल. त्यांनी किसलेलं बीट फडक्यात पिळलं आणि तो रस थेंब थेंब करून गिलाव्यात घातला. पांढरा गिलावा गुलाबी झाला. मी बघतच राहिले. या रंगावरून त्यांनी चावडीवर भांडण केलं होतं. मी विचारलं, तुम्हाला तर पांढरा आठवतो ना?

"मला पांढराच दिसतुया, अजून," ते म्हणाले. "पर माझं डोळं घेऊन काय करायचं, मॅडम? जीभ त्येची हाय."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, मीही त्यांच्याबरोबर निघाले. डब्यात पातळ कापड घालून त्यावर बिस्किटं मांडली होती. कुंडलपासून सांगलीपर्यंत, आणि सांगलीत गाडी बदलून मिरजेपर्यंत, सुभेदार एसटीत उभे राहिले. जागा होती. कंडक्टर बसा म्हणाला, एका पोराने उठून जागा दिली, मी हात जोडले. ते बसले नाहीत. बसलं की खड्ड्याचा दणका सरळ डब्याला लागतो आणि गिलाव्याला तडा जातो, उभं राहिलं तर तो गुडघ्यांत जिरतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडचे रस्ते उसाच्या गाड्यांनी कसे झालेत ते सगळ्यांना माहीत आहे. साठीच्या पुढचा माणूस दोन्ही हातांत डबा छातीशी धरून, कशालाही न टेकता, गुडघे सैल सोडून उभा होता. मिरजेला उतरल्यावर झाकण काढून पाहिलं, एकाही बिस्किटाला चरा नव्हता.

दवाखान्यात हवालदार खाटेवर बसून होते. उशाला त्यांचा मुलगा. गाल सुजलेला, आवाज तोंडातल्या तोंडात. सुभेदारांनी डबा उघडून पुढं धरला. हवालदार बराच वेळ त्या गुलाबी थराकडं बघत राहिले.

"ह्यो गुलाबी का केलास?" ते म्हणाले.

"तूच म्हणत हुतास."

"तू पांढरा म्हणायचास म्हून मी गुलाबी म्हणायचो, गड्या. पांढराच हुता."

सुभेदारांनी डब्याकडं पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि म्हणाल्या की कोरडं, कडक काही द्यायचं नाही, भिजवून मऊ करून थोडं चालेल. आता आली का पंचाईत. मी सुभेदारांकडे पाहायचं टाळलं. ते खाली कँटीनमध्ये गेले, चहा घेऊन आले, आणि आपल्या हाताने ते बिस्कीट त्यांनी चहात बुडवलं. बोटभर जाडीचं, काड्यापेटीने मोजलेलं, बिनरेघेच्या गिलाव्याचं. बीटाचा रंग चहात उतरला. मऊ झाल्यावर त्यांनी ते चमच्याने तोडलं, वाफ जाईस्तोवर फुंकलं आणि हवालदारांच्या ओठांच्या जेमतेम उघडलेल्या फटीत हळूच सारलं.

हवालदारांनी डोळे मिटले. सुभेदार खाटेच्या पायथ्याशी सावधान उभे राहिले, हात विजारीच्या शिवणीला लावून. मुलगा बापाकडं बघत होता, सिस्टर हातातलं काम सोडून थांबल्या होत्या. मी मनात देवाला सांगत होते की एवढं एकदा या माणसाला व्हय म्हणायला लाव. खोटं का असेना. उद्या याची जीभ जाणार आहे. याने आज व्हय म्हटलं तर काय बिघडतं?

हवालदारांनी घास गिळला. डोळे उघडले.

"न्हाई," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी खिडकीकडे तोंड फिरवलं. सुभेदारांनी विचारलं, "काय कमी हाय?" आजवर हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ते ऑपरेशन झाल्यावर सांगतो," हवालदार म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. सुभेदार बाकावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि उगाच म्हणाले की आजारात चव बदलते, मनाला लावून घेऊ नका. त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, चांगले तोंडभरून.

"मॅडम, त्येनं मला जल्मात कवा बरं म्हटलेलं न्हाई," ते म्हणाले. "आज व्हय म्हणला असता, तर मी समजलो असतो, ह्यो आता निरोप घेतुया. न्हाई म्हणला. म्हंजी त्यो कुटं जात न्हाई."

दवाखान्याच्या त्या बाकावर मला वाटलं की मी आजवर या दोघांना पाहिलं, पण त्यांच्यातलं मला काहीच कळलं नव्हतं. एक माणूस तोंडाने नाही म्हणतो, दुसऱ्याला त्यातला धीर ऐकू येतो, आणि मधे उभी राहून मी देवाकडं खोटा होकार मागत होते. त्या दोघांपुढं मला फार लहान वाटलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

ऑपरेशन लांबलं, पण पार पडलं. हवालदार वाचले. त्यांचा अर्धा जबडा गेला, जीभ थोडी उरली, बोलणं बायकोला आणि सुभेदारांना तेवढं कळतं. त्यानंतर माझी बदली वाईला झाली. निघताना सुभेदारांनी मला डबाभर बिस्किटं दिली आणि चहात बुडवू नका म्हणून बजावलं. वाईच्या घरी घाटाकडच्या खिडकीत बसून मी ती कोरडी खाल्ली, एकेक करून, आणि संपत आली तेव्हा मला रडू आलं.

मागच्या दिवाळीत मी कुंडलला गेले. काकूंच्या गळ्यात माळ परत आली होती. ट्रंक तिथंच होती, जास्त काळी झालेली. बाजाराचाच दिवस होता. हवालदार आले, आता तंबाखू नाही, गळ्याभोवती मफलर. स्टुलावर बसले. सुभेदारांनी पांढऱ्या गिलाव्याचं बिस्कीट दुधात भिजवून वाटीत दिलं आणि बाजूला ताटलीत एक कोरडं ठेवलं, नुसतं बघायला. हवालदारांनी चमच्याने घास घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. चव त्यांना किती कळते हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. न्हाई.

सुभेदारांनी विचारलं, काय कमी आहे. हवालदारांनी हाताने पुढच्या बाजाराची खूण केली. सुभेदार मान डोलावून उठले, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि ट्रंकेजवळ उकिडवे बसून, आमच्याकडं पाठ करून, निखारे फुंकायला लागले.

हवालदारांनी वाटी तिरकी करून तळाशी उरलेलं दूध प्यायलं. मग चमचा चाटला. मग बोट ओलं केलं आणि ताटलीत त्या कोरड्या बिस्किटाच्या भोवती सांडलेले साखरेचे कण एकेक करून टिपले, डोळे मिटून तोंडात घातले, आणि त्यांचा तो शिवलेला, वाकडा झालेला चेहरा असा निवला की मी आजवर कुणाचा तसा पाहिलेला नाही. डोळे उघडल्यावर त्यांना मी दिसले. ते क्षणभर थबकले. एकदा सुभेदारांच्या पाठीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि माझ्याकडं बघत त्यांनी हळूच पुन्हा मान हलवली. न्हाई.

मी पदर खोचला आणि सुभेदारांना कोळसे आणून द्यायला उठले.